शूर्पारक ते तगर : सागरकाठचा धम्म आणि घाटमाथ्यावरील लोकजीवन

नेकनूर हे बीड जिल्ह्यातील, बालाघाटच्या पठारावरचे गाव. येथून पश्चिम समुद्र तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे आणि पूर्व समुद्र त्याच्या जवळजवळ दुप्पट दूर. आमच्या भागातील बहुसंख्य लोकांना सागराचे दर्शन होते ते ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर. एरव्ही समुद्र आमच्याकडे येतो तो आठवडी बाजारातून. मीठ, सुकट, बोंबील, खोबरे ही सारी किनाऱ्याची देणगी. गोरगरिबांच्या चुलीवर सुकटीचे कालवण शिजते तेव्हा कोकणचा किनारा मराठवाड्याच्या ताटात उतरलेला असतो. मात्र हा संबंध किती जुना आहे आणि त्याच्याशी बुद्धधम्माचे नाते काय आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

सर्वसाधारण समज असा आहे की महाराष्ट्रातील बौद्ध वारसा म्हणजे डोंगरातील लेणी, आणि लेणी म्हणजे एकांतात ध्यान करणाऱ्या भिक्खूंची निवासस्थाने. हा समज अपुरा आहे. ही लेणी बंदरे आणि बाजारपेठा यांना जोडणाऱ्या मार्गांवर उभी आहेत. त्यांच्या भिंतींवर कोरलेली नावे व्यापाऱ्यांची, कारागिरांची, गृहिणींची आणि भिक्खुणींची आहेत. सागरकाठ व दख्खनचे पठार यांना बांधणाऱ्या या व्यवहारातून धम्म कसा रुजला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

शूर्पारक : अपरान्ताचे द्वार

आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पालीतील सुप्पारक. उत्तर कोकणास अपरान्त म्हणत, आणि सुप्पारक हे त्याचे प्रमुख बंदर होते. तृतीय संगीतीनंतर ठिकठिकाणी धम्मप्रसारक पाठविण्यात आले. त्यांत अपरान्तास धम्मरक्खित या यवन थेरास आणि महारट्ठास महाधम्मरक्खित थेरास पाठविल्याची नोंद महावंसात आहे. आपल्या प्रदेशाकडे आलेल्या या दोन प्रचारकांपैकी एक परदेशी वंशाचा होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

परंतु बौद्ध परंपरा सुप्पारकाचा संबंध याही आधीच्या काळाशी, म्हणजे प्रत्यक्ष भगवंतांच्या हयातीशी जोडते. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात स्थविर पुण्ण सुनापरान्त देशास जाण्याची अनुज्ञा मागतो. तेथील लोक कठोर आहेत, ते तुला शिव्या देतील, मारतील, कदाचित जीवही घेतील, असे भगवंत त्याला सुचवितात. प्रत्येक वेळी पुण्ण शांत उत्तर देतो, आणि अखेर त्याला अनुज्ञा मिळते. पहिल्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक व पाचशे उपासिका यांना धम्मात प्रतिष्ठित केले, असे सुत्त सांगते. हा सुनापरान्त म्हणजे सोपाऱ्याभोवतीचा प्रदेश असे सामान्यतः मानले जाते.

दिव्यावदानातील पूर्णावदान या संस्कृत कथेत याच पूर्णाचे पूर्वायुष्य आले आहे. तो शूर्पारकाच्या एका सधन गृहपतीला दासीपासून झालेला पुत्र होता. दासीपुत्र म्हणून त्याला पित्याच्या संपत्तीत वाटा नाकारण्यात आला. पुढे एका मोळीविक्याच्या मोळीत त्याला मौल्यवान गोशीर्ष चंदन दिसले. ते ओळखण्याच्या बळावर त्याने स्वतःचा व्यापार उभा केला आणि समुद्रपर्यटने केली. एका सफरीत बरोबरचे श्रावस्तीचे व्यापारी रात्री काही पठण करीत होते. हे कोणते गीत, असे त्याने विचारले. हे गीत नव्हे, हे बुद्धवचन आहे, असे उत्तर त्याला मिळाले. पूर्णाने 'बुद्ध' हा शब्द प्रथम ऐकला तो असा भर समुद्रात, नावेवर.

कथेतील अद्भुत भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातील समाजचित्र महत्त्वाचे राहते. जन्मावरून हक्क नाकारलेल्या माणसाला बंदराच्या मोकळ्या वातावरणात कर्तृत्वास वाव मिळाला आणि संघात प्रतिष्ठा मिळाली, असे त्या काळच्या बौद्ध समाजाला सांगावेसे वाटले. ज्या समाजाने समुद्रोल्लंघन निषिद्ध ठरविले आणि ज्या समाजाने नावाड्यास कथानायक केले, त्या दोहोंतील अंतर येथे स्पष्ट होते. सुप्पारक जातकात तर दृष्टी गमावलेला एक कुशल नौकाधिपती हाच बोधिसत्त्व आहे. उदान ग्रंथातील बाहिय दारुचीरिय हाही सुप्पारकाचा रहिवासी. नौका फुटून तो या किनाऱ्याला लागला, असे अट्ठकथा सांगते.

बुरुड राजाच्या कोटातील स्तूप

शूर्पारकाच्या ग्रंथगत कीर्तीला भौतिक पुरावा मिळाला तो १८८२ साली. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्या वर्षी सोपाऱ्याजवळील एका टेकाडाचे उत्खनन केले. स्थानिक लोक त्या टेकाडास 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. स्तूप विस्मृतीत गेला होता, पण बांबूकाम करणाऱ्या कष्टकऱ्यांचे नाव धारण करणाऱ्या राजाची आठवण लोकांनी त्या जागेला चिकटवून ठेवली होती.

स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी मिळाली. तिच्या आत तांब्याचा करंडक होता आणि त्यात चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा व सोन्याचा असे करंडक एकात एक ठेवलेले होते. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे होते. त्याखेरीज सोन्याची फुले आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे मिळाले. तांब्याच्या करंडकाभोवती ब्राँझच्या आठ मूर्ती बसविलेल्या होत्या. त्यांपैकी सात मानुषी बुद्धांच्या व आठवी मैत्रेयाची आहे. मूर्तींची घडण इ.स.च्या आठव्या-नवव्या शतकातील आहे. नाणे दुसऱ्या शतकातील आणि मूर्ती त्यानंतर सहा-सातशे वर्षांनी घडविलेल्या, यावरून हा स्तूप दीर्घकाळ पूजिला जात होता व त्याची निगा राखली जात होती, हे सिद्ध होते. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेले.

मातीचे ते तेरा तुकडे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे मत भगवानलाल इंद्रजींनी मांडले. अनेक उपासक ते निश्चित सत्य म्हणून सांगतात. येथे विवेक बाळगला पाहिजे. पाच मौल्यवान वेष्टनांत मातीची खापरे जपली गेली, याचा अर्थ ती ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ती परमपूज्य होती, इतके पुराव्याने निःसंशय म्हणता येते. त्यापुढचे मत हे अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच सांगावे. पारखून घेतल्याशिवाय स्वीकारू नका, ही ज्या धम्माची शिकवण आहे, त्याच्या अनुयायांना हा संयम अवघड वाटू नये.

त्याच वर्षी सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, उजेडात आला. आठव्या लेखात शिकारीच्या सहलींऐवजी धम्मयात्रा सुरू केल्याचे अशोक सांगतो. नववा लेख आपल्या नित्य जीवनाशी अधिक निगडित आहे. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात. त्यांचे फळ अल्प असते, असे तो म्हणतो. खरे मंगल कोणते, याचीही तो गणना करतो : दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांस दान. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक जातीच्या, देशाच्या माणसापुढे हे शब्द दगडावर कोरून ठेवले होते. आपल्या घरातील बारसे, साखरपुडा, लग्न यांवर कर्ज काढून खर्च करताना सोपाऱ्याच्या त्या दगडाची आठवण ठेवण्यासारखी आहे.

घाटवाटा, दाते आणि पाण्याची टाकी

पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण, चौल आणि मांदाड या कोकणच्या बंदरांची नावे आढळतात. या बंदरांतून माल सह्याद्री चढून पठारावर येई. मार्गावर कान्हेरी, कार्ले, जुन्नर, नाशिक आणि दक्षिणेस कुडा, महाड अशी लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्खू तेथे वर्षावास करीत आणि एरव्ही वाटसरूंना त्यांचा आधार असे.

या लेण्यांतील दानलेख प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज लोकभाषेत आहेत. त्यांतील व्यवसायनामे आजही ओळखीची वाटतात. 'सुवणकार' म्हणजे सोनार, 'कासकार' म्हणजे कासार, 'लेण' म्हणजे लेणे. दात्यांची यादी पाहिली तर त्या काळचा बाजारच डोळ्यांपुढे उभा राहतो. कान्हेरीस कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले आणि तेथीलच नंद नावाच्या लोहाराने पायवाट करून दिली. कुडा येथे कऱ्हाडच्या लोखंड विकणाऱ्या व्यापाऱ्याचे, वैद्याचे आणि माळ्याचे दान आहे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके दिले. कार्ल्याच्या स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत. तेथेच सोपाऱ्याच्या सातिमित्र या धम्मभाणकाने अस्थिधातूसह स्तंभ दिला. कार्ल्याचे भव्य लेणे पूर्ण केले ते वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने. ही लेणी राजेलोकांनी बांधली हे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य ठरते. राजांनी गावे व जमिनी दिल्या, पण खोली, खांब, वाट, टाके अशी एकेक वस्तू कष्टाच्या कमाईतून जोडली गेली.

या लेखांत 'पोढी' हा शब्द वारंवार येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. 'देयधम', म्हणजे धम्मदान म्हणून, अनेकांनी पोढीच निवडली. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडा खडक अशा सह्याद्रीत पाणी साठविणे हेच सर्वांत उपयुक्त दान होते. कान्हेरीच्या डोंगरावर पावसाचे पाणी पन्हळींतून टाक्यांत नेण्याची व्यवस्था आजही पाहता येते.

महाडजवळील गांधारपाले लेण्यात कुमार कानभोज विष्णुपालित याचा लेख आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन पोढी आणि लेण्याकडे येणारी वाट, एवढे त्याने दिले. हे लेणे इ.स.च्या आरंभीच्या शतकांतील आहे. त्याच्या पायथ्याशी वसलेल्या महाड शहरात पुढे काय घडले, हे आपणांस सांगावयास नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली तो स्वीकारला होता. तरीही चवदार तळ्याचे पाणी मिळविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. वरच्या डोंगरात पाणी हे दान होते आणि खालच्या तळ्यात तेच विटाळाचे कारण झाले. या दोन पाण्यांच्या मधला काळ म्हणजे आपल्या देशातील धम्माच्या ऱ्हासाचा इतिहास होय. दुष्काळाने पोळलेल्या आमच्या बालाघाटात, जेथे आडावर वेगळ्या पोहऱ्याची आठवण जुन्या पिढीत अजून ताजी आहे, या इतिहासाचा अर्थ अधिक तीव्रतेने कळतो.

तगर : घाटमाथ्यावर येणारा समुद्र

आता आपल्या जवळच्या स्थळाकडे वळू. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लसचा कर्ता म्हणतो की भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून साधे कापड, नाना प्रकारची तलम वस्त्रे असा माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला नेला जाई. याच ठिकाणी त्याने आणखी एक माहिती दिली आहे : समुद्रकाठच्या प्रदेशांतून आलेला मालही तगरला जमा होत असे. तगरच्या पूर्वेकडील मार्ग लक्षात घेता हा किनारा पूर्वेचा, म्हणजे आंध्रचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. बालाघाटाच्या परिसरात, आपल्या शेजारी, दोन समुद्रांकडे जाणाऱ्या वाटा एकत्र येत होत्या.

तेरच्या उत्खननांत विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात मातीच्या मूर्ती, शंखाच्या वस्तू, मणी आणि एक सुंदर हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. याच धर्तीची मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनला मिळाली, आणि दुसरी सापडली थेट इटलीतील पॉम्पेई येथे, जे शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे व गजपृष्ठाकार छपराचे असून चैत्यगृहाशी त्याचे साम्य उघड आहे. ते मूळचे बौद्ध चैत्य असावे असे काही अभ्यासक म्हणतात, तर इतरांना ते मान्य नाही. निर्णय अभ्यासावर सोपवावा. आपल्या वारशाचे महत्त्व एका वास्तूच्या मालकीवर अवलंबून नाही.

पूर्वेकडील वाट धरून गेले की कृष्णेच्या खोऱ्यात आंध्र प्रदेशातील अमरावती, नागार्जुनकोंडा आणि घंटसाल ही स्थळे लागतात. घंटसालच्या एका लेखात 'महानाविक' असा दात्याचा उल्लेख आहे. नागार्जुनकोंड्यास तिसऱ्या शतकात बोधिसिरी नावाच्या उपासिकेने चैत्यगृह बांधले आणि ते सिंहलच्या थेरांच्या संघास अर्पण केले. या थेरांनी ज्या देशांत धम्म पोहोचविला त्यांची यादी तिच्या लेखात आहे. काश्मीर, गंधार, चीन, वंग, वनवासी, यवन, द्रविड, ताम्रपर्णी यांच्यासह त्या यादीत अपरान्तही आहे. पूर्व किनाऱ्यावरील एका गृहिणीच्या मनात आपला पश्चिम किनारा होता. नागार्जुनसागर धरणामुळे ते खोरे पाण्याखाली गेले. त्यापूर्वी उत्खनन करून महत्त्वाचे अवशेष शेजारच्या टेकडीवर हलविण्यात आले. ती टेकडी आज बेट झाली आहे.

दानाचा हिशेब

या संस्कृतीचे आर्थिक अंग समजून घेण्यास नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदात याचा लेख उपयोगी आहे. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज खर्च करावयाचे. २,००० वर वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. हिशेब तंतोतंत जुळतो. दुसऱ्या ठेवीचे ९० कार्षापण किरकोळ खर्चासाठी होते. शिवाय ८,००० नारळीची झाडे संघास दिली. हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला आणि फलकावर नोंदविण्यात आला.

उषवदाताने ब्राह्मणांनाही विपुल दाने दिली, हेही त्याच लेण्यातील लेखांत आहे. तो केवळ बौद्धांचा दाता नव्हता. पण त्याच्या ठेवीची रचना पाहावी. पैसा कारागिरांच्या हाती खेळता राहिला, विणकरांना भांडवल मिळाले, भिक्खूंना वस्त्र मिळाले आणि व्यवहार सर्वांसमक्ष झाला. धम्म टिकला तो अशा व्यवस्थेमुळे. व्यापारमार्ग क्षीण झाले, श्रेणी मोडल्या, कारागिरांना जातींच्या कप्प्यांत कोंडले गेले, तसा विहारांचा हा आधार तुटत गेला. ऱ्हासाची कारणे अनेक आहेत, तरी हे कारण दुर्लक्षिता येणार नाही.

आज आमच्या भागातून बाहेर जातो तो कच्चा कापूस आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेला माणूस. ज्या मुलखातून तलम कापड सागरापार गेले, तेथील माणसाने कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गाडीने जावे, यामागे निसर्गाइतकाच समाजव्यवस्थेचाही हात आहे. इतिहास वाचावयाचा तो अभिमानाने छाती फुगविण्यासाठी नव्हे. कौशल्य, संघटन व भांडवल एकत्र आले असता याच मातीत काय घडू शकते, हे समजण्यासाठी तो वाचावयाचा.

आपले कर्तव्य

यातून काही साध्या गोष्टी निघतात. चैत्यभूमीस जाणाऱ्या बांधवांनी शक्य असल्यास आणखी एक दिवस काढून कान्हेरी व सोपारा पाहावे. नालासोपारा हे पश्चिम रेल्वेचेच स्थानक आहे. महाडला जाणाऱ्यांनी चवदार तळ्याबरोबर गांधारपाले लेण्याची पायरी चढावी. तेर तर आपल्या अंगणात आहे. शाळकरी मुलांना तेथे न्यावे आणि पाहिलेले त्यांच्याकडून लिहवून घ्यावे. लेण्यांच्या भिंतींवर आपली नावे कोरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण तेथे नाव कोरण्याचा अधिकार पोढी देणाऱ्याचा होता.

विहार समित्यांनी दानाचा हिशेब फलकावर लावावा. तो निगमसभेचाच प्रघात आहे. विहाराचे दान म्हणजे केवळ मूर्ती व कमान हा समज सोडून पाण्याची टाकी, ग्रंथालय, विद्यार्थ्यांसाठी कायम ठेव यांना अग्रक्रम द्यावा. मुद्दल न मोडता व्याजातून एका मुलीचे वर्षाचे शिक्षण होत असेल, तर ते दान उषवदाताच्या ठेवीपेक्षा कमी मोलाचे नाही. आणि विहारापाशी जे पाणी साठेल, ते पिण्यास येणाऱ्याची जात विचारली जाऊ नये. सागरकाठापासून घाटमाथ्यापर्यंत खडकात कोरलेल्या त्या शेकडो टाक्यांचा वारसा आपण सांगत असू, तर आपल्या विहाराच्या दारातील पाण्याने तो दररोज सिद्ध केला पाहिजे.